बरा होईपर्यंत

शाळेत एखाद्या मुलाचा हात मोडतो. प्लास्टर चढते, काही आठवड्यांनी ते निघते, आणि मुलगा वर्गात पूर्ववत लिहू-वाचू लागतो. तरीही कवायतीच्या तासाला तो आणखी महिनाभर कडुलिंबाच्या झाडाखाली बसलेला दिसतो. 'डॉक्टरांनी खेळायला मनाई केली आहे' अशी पालकांची चिठ्ठी आमच्या टेबलावर असते आणि त्या चिठ्ठीवर आम्ही कधी शंका घेत नाही. त्या मुलाला कोणी आळशीही म्हणत नाही. प्लास्टर निघणे आणि हाड पक्के होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे चौथीच्या वर्गालाही ठाऊक असते.

तीस वर्षे हे शहाणपण शाळेत पाळूनही शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही ते विसरलो, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागली. ती हकीकत सांगताना संकोच वाटतो. तथापि आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरातून रोज सकाळी कोणी ना कोणी कारखान्यात, गॅरेजात, गोदामात किंवा बांधकामावर जात असते. म्हणून ती सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आमचा एक जुना विद्यार्थी उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला होता. बेळगावच्या वाचकांना उद्यमबाग सांगावयास नको. इतर गावच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, खानापूर रस्त्यावरील या वसाहतीत आणि पलीकडे मच्छे येथे लोखंड ओतून यंत्रांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आहेत आणि आसपासच्या खेड्यांतील कितीतरी मराठी घरांची चूल त्यांच्या आधारावर पेटते. साच्यातून निघालेल्या तुकड्याच्या कडांना जास्तीचे लोखंड धारदार पापडीसारखे चिकटून राहते. ते ग्राइंडरवर घासून काढण्याच्या कामाला तेथे फेटलिंग म्हणतात. आमचा विद्यार्थी हेच काम करी. असाच एक तुकडा उचलताना त्याच्या हातातून निसटला आणि त्याची धार उजव्या तळव्यातून फिरली. दोन बोटे वळवणाऱ्या कंडरा तुटल्या. शस्त्रक्रिया करून त्या जोडण्यात आल्या.

सहाव्या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी समाचाराला गेलो. टाके कधीच निघाले होते. तळव्यावर एक गुलाबी रेघ तेवढी राहिली होती. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि शेजारचे एक गृहस्थ 'अजून घरीच काय?' असे विचारून नुकतेच गेले होते. आम्ही त्याचा हात पाहिला, जखम छान भरली आहे असा अभिप्राय दिला आणि गुरुजनांच्या जुन्या खोडीप्रमाणे उपदेशही केला. "रिकामे बसून माणूस गंजतो रे. आता कामाला लाग." तो म्हणाला, "जातो की सर. मुकादमाचा निरोप पण आलाय."

सातव्या आठवड्यात तो गेला. डॉक्टरांनी त्याच्याच आग्रहावरून दाखला दिला आणि त्यावर 'हलके काम द्यावे' असे दोन-तीन शब्द लिहिले. दोन दिवस त्याने झाडलोट केली, माल मोजला. तिसऱ्या दिवशी फेटलिंगवरचा एक माणूस आला नाही आणि माल तर पाठवायचा होता. जेवणाच्या सुट्टीपूर्वी, आठ-दहा किलोचा तुकडा मुठीत घट्ट धरलेला असताना, तळव्यात काहीतरी तुटल्यासारखे त्याला जाणवले. बोट वळेना.

दुसऱ्या वेळची दुरुस्ती पहिल्याहून अवघड असते. तुटलेले टोक आत ओढले गेले होते. पायातील एक कंडरा काढून ती हातात बसवावी लागली, तीही दोन टप्प्यांत. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर त्याची पत्नी बसली होती. आम्हांला पाहून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलासा म्हणून हे गेले." तिच्या स्वरात राग नव्हता, तो असता तर आम्हांला सोपे गेले असते.

त्यानंतर आम्ही या विषयाचे जे काही वाचले, डॉक्टरमंडळींना व कारखान्यातील जाणत्यांना जे काही विचारले, त्याचे सार आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक जुनी गोष्ट. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा परळ येथे भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सर्वांना माहीत आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती : काम करताना गंभीर दुखापत झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. पुढे १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती विमा योजना प्रत्यक्ष सुरू झाली. हे कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पैशाची बाजू अशी हळूहळू बांधली गेली. पण 'बरा होईपर्यंत' या दोन शब्दांचा अर्थ मात्र आजही आपण अंदाजानेच लावतो. टाके निघाले की बरा, दाखला मिळाला की बरा, शेजाऱ्यांनी विचारले की बरा!

शरीराचा हिशेब वेगळा असतो. कातडीची जखम दोन आठवड्यांत वरून मिटते. परंतु वैद्यकाच्या पुस्तकांत दिलेले आकडे असे की, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या जागेची ताकद मूळच्या जेमतेम एक पंचमांश असते. तीन महिन्यांनी ती फार तर चार पंचमांशांपर्यंत येते आणि पुढे बहुधा तेथेच राहते. कंडरेची गोष्ट तर अधिक नाजूक. आरंभीच्या आठवड्यांत ती मुख्यतः शिवणीच्या धाग्यावर टिकून असते. तिला मुळीच हलवले नाही, तर ती आसपासच्या भागाला चिकटते आणि बोट आखडते. जोर लावला, तर ती तुटते. म्हणून आधारपट्टी, ठरावीक हालचालींचा व्यायाम आणि बहुधा बाराव्या आठवड्यापर्यंत जड कामाला बंदी, असा क्रम असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या हाताला त्या सातव्या आठवड्यात व्यायाम हवा होता. आम्ही त्याला ओझ्याकडे धाडले.

येथे कोणी म्हणेल की, मग वर्षभर घरीच बसवावे. तेही चूक आहे. अंथरुणात पडून राहणाऱ्याचे स्नायू दिवसागणिक झिजतात. साध्या कंबरदुखीवर आठवडे-आठवडे अंथरुण धरण्याचा जुना सल्ला वैद्यकाने केव्हाच मागे घेतला आहे. झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहणारा लवकर सावरतो. शिवाय काम म्हणजे केवळ मजुरी नव्हे. चार माणसांतली आपली जागाही त्यात असते. दीर्घकाळ घरी बसलेल्या माणसाच्या मनात 'आपण आता कशाला उपयोगी नाही' ही भावना घर करते आणि मग परतणे आणखी अवघड होते. 'आजारी' आणि 'ठणठणीत' या दोन मजल्यांच्या मध्ये जिना लागतो. आपण माणसाला खालून एकदम वर उडी मारावयास सांगतो आणि तो पडला की त्याच्या नशिबाला बोल लावतो.

या जिन्याची पहिली पायरी म्हणजे डॉक्टरला खरे काम सांगणे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला नेहमी जे प्रश्न विचारतात त्यांत 'तुझा धंदा कोणता?' हा एक प्रश्न वाढवावा, असे सांगितले. आज तो प्रश्न विचारला जातो. पण 'फौंड्रीत आहे' एवढ्या उत्तरावर भागते. त्या उत्तरातून डॉक्टरला काय समजणार? किती किलोचा तुकडा, तासाला किती वेळा उचलावा लागतो, मूठ किती घट्ट लागते, यंत्र हातात किती थरथरते, वाकून करावे लागते की उभ्याने, भट्टी किती जवळ, हे सारे कागदावर लिहून न्यावे. अलीकडे प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. कारखान्याची परवानगी असेल तर कामाच्या जागेचे एक छायाचित्र काढून डॉक्टरला दाखवावे. शंभर शब्दांचे काम होते.

दुसरी पायरी 'हलके काम' या शब्दांची. हे शब्द फार घातक आहेत, कारण त्यांचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लागतो. डॉक्टरच्या मनात कागद लावण्याचे काम असते, मुकादमाच्या मनात नेहमीच्यापेक्षा थोडा लहान तुकडा असतो. म्हणून दाखल्यावर आकडे मागून घ्यावेत. 'उजव्या हाताने दोन किलोहून अधिक उचलू नये, घट्ट मूठ लागेल असे काम नको, थरथरणारे यंत्र नको, रोज चार तास, अमुक तारखेपर्यंत; नंतर पुन्हा तपासणी.' एवढ्या ओळी लिहिण्यास डॉक्टरला एक मिनिट लागते, पण त्या कागदाच्या आधाराने तिसऱ्या दिवशी 'हे मला करता येणार नाही' असे म्हणता येते. ब्रिटनमध्ये २०१० पासून दाखल्याचा नमुनाच बदलला आहे. 'कामास अयोग्य' याच्या शेजारी 'पुढील अटींवर योग्य' असा रकाना आहे, आणि त्याखाली हळूहळू परतणे, कामाचे तास बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे आणि जागेत सोय करणे अशा चार गोष्टी छापलेल्या आहेत. नमुना परका असला तरी त्यातले शहाणपण आपल्या कवायतीच्या चिठ्ठीतलेच आहे.

तिसरी पायरी चढण्याची रीत. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. तास वाढवले तर वजन तेच ठेवावे, वजन वाढवले तर तास तेच ठेवावेत. संध्याकाळी थोडे अवघडले आणि रात्रीच्या झोपेने गेले, तर चिंता नको. दुखणे सकाळी उठल्यावरही तसेच असेल, सूज दिसत असेल, मुंग्या येत असतील, तर एक पायरी खाली उतरावे आणि डॉक्टरकडे जावे. दुखऱ्या हाताला जपण्यासाठी दुसऱ्या हातावर आणि खांद्यावर सगळा भार टाकण्याची खोडही लक्षात ठेवावी. एक जखम भरता भरता दुसरी अशीच जन्माला येते.

भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उष्णता सोसण्याची शरीराची सवय कामानेच येते आणि आठवडाभर दूर राहिले तरी ती ओसरू लागते. महिन्याभरात जवळजवळ नाहीशी होते. म्हणून जुना, मुरलेला कामगार असला तरी परतल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्माच वेळ उष्ण जागी घालवावा, दुसऱ्या दिवशी साठ टक्के, तिसऱ्या दिवशी ऐंशी टक्के आणि चौथ्या दिवशी पुरा, असे प्रमाण तज्ज्ञांनी घालून दिले आहे. 'वीस वर्षे भट्टीवर आहे, मला काय होते?' असे म्हणणाऱ्यालाच घेरी येते, आणि भट्टीपाशी घेरी येणे म्हणजे काय, ते सांगावयास नको.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. येथे ठेच लागलेला माणूसच पुन्हा त्याच वाटेने जातो आणि दगड जागच्या जागी असतो! आमचा विद्यार्थी परतला तेव्हा तुकड्यांच्या कडा तितक्याच धारदार होत्या आणि ते उचलण्याची रीतही तीच होती. माणूस दवाखान्यात असतानाचे ते सहा-सात आठवडे कारखान्यालाही दुरुस्तीसाठी मिळालेले असतात. साचा नीट जुळवला तर पापडी कमी येते; तुकडा हाताने धरण्याऐवजी चिमट्यात बसवता येतो; उचलण्याची जागा कंबरेच्या उंचीवर आणता येते; आणि मग शेवटी हातमोजे. बहुतेक ठिकाणी हातमोज्यांपासून सुरुवात होते आणि तेथेच शेवट होतो. मालकांनी हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तरी हे परवडणारे आहे. सात आठवडे थांबलेला माणूस आणखी पाच आठवडे थांबला असता, तर त्या कारखान्याला जे अनेक महिने पुढे गमवावे लागले ते वाचले असते.

आता घरच्या मंडळींविषयी, कारण हे मासिक घरात वाचले जाते. माणूस कारखान्यात हात जपतो आणि घरी येऊन गॅसचे सिलिंडर उचलतो. घरगुती सिलिंडरमधील गॅसच १४.२ किलो असतो. टाकीसह ते ओझे तीस किलोंच्या घरात जाते. पाण्याची घागर, पिठाचा डबा, कडेवरचे मूल, या सर्वांचे वजन हाताला सारखेच लागते. मोटारसायकलचेही तसेच. पुढचा ब्रेक उजव्या मुठीत असतो, आणि खेड्यावरून उद्यमबागेपर्यंतचा खडबडीत रस्ता म्हणजे मुठीला रोजचा वेगळा व्यायामच. काही आठवडे बसने किंवा सोबत्याच्या गाडीवर मागे बसून जाणे यात कमीपणा नाही.

पैशाविषयी एक शब्द. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यातील विमाधारक कामगारास कामावरच्या दुखापतीत तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतो. साध्या आजारपणाच्या भत्त्याला वर्षात ९१ दिवसांची मर्यादा आहे. कामावरच्या दुखापतीच्या भत्त्याला, डॉक्टर दाखला देतील तोपर्यंत, तशी दिवसांची मर्यादा नाही. हे आमच्या विद्यार्थ्याला माहीत नव्हते. आजारपणासारखेच याचेही दिवस मोजलेले आहेत, अशी त्याची समजूत होती, आणि आम्ही एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाने ती तपासून पाहण्याची तसदी घेतली नव्हती. सरकारी नोकरांना तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कवच आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले, तर त्यांना काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. आम्ही स्वतः त्या छत्राखाली बसलेले आहोत. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला 'कामाला लाग' असा सल्ला देणे आम्हांला म्हणूनच इतके सोपे गेले असावे.

आमचा विद्यार्थी आता दुसऱ्या एका कारखान्यात तयार माल मापून पाहण्याचे काम करतो. त्याची दोन बोटे पुरती मिटत नाहीत. मापे घेण्यात तो वाकबगार झाला आहे, पगार मात्र पूर्वीहून कमी आहे. रस्त्यात भेटला की तो आजही वाकून नमस्कार करतो, आणि ते दोन्ही हात जुळताना उजव्या हाताची ती दोन बोटे थोडी वर उभी राहिलेली आम्हांला दिसतात.

वाचकांना आमची एवढीच विनंती की, कोणाच्या दुखापतीचा समाचार घेण्यास गेलात तर 'कामावर केव्हा जाणार?' हा प्रश्न विचारू नये. 'गेल्यावर काय उचलावे लागेल? आणि डॉक्टरला ते सांगितले आहे का?' हे दोन प्रश्न विचारावेत. आम्हीही आता तसेच विचारतो. गेल्याच महिन्यात पाठीत उसण भरलेल्या एका माजी विद्यार्थ्याला आम्ही ते विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सिमेंटची पोती, सर. पन्नास किलोची. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी पण सांगितलो नाही." आम्ही त्याला वही काढावयास सांगितली आणि शाळेत सांगावे तसे पहिल्या ओळीपासून लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन दवाखान्यात गेला.